कोणाकडचे पाहुणे?

तुमच्या घरासमोरच्या रिकाम्या जागेत कोण राहतं?

"कोणी नाही" हे उत्तर तोंडावर आलं असेल तर जरा थांबा. आमच्या कॉलनीनंही हेच उत्तर दिलं होतं. सभेत, हात वर करून, एकमतानं. ते उत्तर एका बाईनं खोडून काढलं, आणि त्यासाठी आधी स्वतःचंच एक उत्तर चारचौघांत खोडलं. त्या बाईबद्दल मला लिहायचं आहे.

अमरावतीत वलगाव रस्त्याच्या बाजूला आमच्या कॉलनीचं ले-आउट आहे. नकाशावर त्यात एक बगीचा आहे. प्रत्यक्षात तिथे रुईची झुडपं, तरोटा, गवत आणि जमिनीला चिकटून पसरलेली घोळ. आम्ही त्याला "ओपन स्पेस" म्हणतो. पावसाळ्यात तुम्ही कधीही तिथून गेलात, तर गवतात एक रंगीत गाठोडं दिसायचं. जवळ गेलं की कळायचं, गाठोडं नाही, रेखाकाकू तायडे. खताच्या रिकाम्या गोणीची घडी गुडघ्यांखाली, कोपरं चिखलात, डोळा कॅमेऱ्याला.

रेखाकाकूंचा धंदा लग्नाचे फोटो काढायचा. त्यांच्या तरुणपणी बायका फोटोग्राफर म्हणून दिसत नसत तेव्हापासूनचा. हळदीला, नवरीच्या खोलीत, जिथे पुरुष फोटोवाल्यांना जाता येत नाही तिथे काकूंना बोलावणं येई. मग हळूहळू अख्खं लग्नच त्यांच्याकडे येऊ लागलं. लग्नसराई संपली की इतर फोटोवाले हात बांधून बसतात. काकू म्हणायच्या, "लोकाइचे लग्न संपले का माह्यी दुसरी सराई लागते. या पाहुण्याइले पत्रिका द्या लागत नाई."

त्यांचा कॅमेरा जुना होता. त्याचंच एक भिंग त्या एका कडीनं उलटं बसवायच्या, म्हणजे मुंगीचं तोंड पडदाभर दिसायचं. फ्लॅशचा उजेड कडक पडू नये म्हणून त्याच्यावर पांढऱ्या कागदाचा द्रोण लावलेला असायचा, पंगतीत रसगुल्ला वाढतात तोच. त्या द्रोणातून गाळून आलेल्या उजेडात माशीच्या डोळ्यातली जाळी आणि कोळ्याच्या पायावरची लव अशी उठून यायची की पाहणारा आधी दचकायचा आणि मग नीट पाहायला काकूंचा फोन ओढून घ्यायचा. आपला श्वाससुद्धा एवढ्या जवळून फोटो हलवतो. म्हणून काकू श्वास सोडून, रिकाम्या छातीनं बटण दाबायच्या. त्याआधी मात्र सतत बोलत असायच्या.

"ए बाई, इकडं पाय जरा. मान वर. अशी. लाजू नोको."

नवरीशीही याच आवाजात बोलायच्या.

फोटोच्या छंदातला एक कॉलेजचा मुलगा एकदा त्यांना भेटायला आला होता. किडा हलतो म्हणून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचा, मग गारठून गप बसतो, छान फोटो येतो, असं त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं. काकूंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "उद्या नवरी हालते म्हणून तिले फ्रीजमंधी ठेवशीन काय रे?" पोरगा चहा न संपवता गेला. पुढच्या रविवारी परत आला, स्वतःची गोणी घेऊन.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा सगळ्या मोर्च्यांची पत्रकं लिहीत. उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही पोहे खाल्ले, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. माझं नाव क्रांती ठेवलं गेलं. काकूंना त्या नावाचं फार हसू यायचं. मी धावत त्यांच्याकडे गेले की गवतातूनच आवाज यायचा, "क्रांती, हळू ये वं. फुलपाखरू उडते."

त्यांची अकोल्याची एक गोष्ट त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. तुळशीचं लग्न होऊन पहिलीच तारीख. स्टेजवर हार घालायची वेळ. नवरदेवाच्या फेट्यावर कुठूनतरी एक हिरवा, लांब मानेचा प्रार्थना कीटक येऊन बसला, पुढचे दोन पाय जोडून. मित्रांपैकी एकानं त्याला उडवायला पंजा उगारला. तेवढ्यात माईकवरच्या भटजींपेक्षा मोठा आवाज आला, "हात नोको लावू त्याले! नवरदेव, हालू नोका!" सगळा मांडव गप्प. नवरदेव पुतळा. नवरी हार धरून उभी. काकू स्टुलावर चढल्या, द्रोण सरळ केला आणि फोटो काढला. नवरदेवाचा काका चिडला. मुहूर्त टळेल, अपशकुन होईल, तुम्हाला लग्नाचे पैसे दिलेत की किड्याचे, असं बरंच बोलला. काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या लग्नात हात जोडून आलेला हा एकच पाहुणा हाय. बाकीचे जेवाले आले."

अल्बम घरी गेला तेव्हा तोच फोटो मोठा करून मागितला गेला. मागायला आला तो काकाच.

लग्नात त्यांची आणखी एक सवय होती. जिचा किंवा ज्याचा फोटो काढायचा त्याचं नाव विचारायचं. सनईवाल्याचं, भांडी घासणाऱ्या बाईचं, मंडपाचे बांबू बांधणाऱ्याचंसुद्धा. एकदा मी विचारलं, एवढ्या नावांचं करता काय? त्या भिंग पुसत होत्या. पुसत पुसतच म्हणाल्या, "माह्या आज्याले गावात कोणी नावानं बलावत नोतं. 'ए' म्हणत. नाईतर जातीनं. माय सांगे, बाबासाहेबाच्या सभेले गेला अन् तिथं कोणी त्याले नाव इचारलं, तं त्याले पयले आठवलंच नाई. म्हणून मी इचारतो."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, की पडला नाही. भिंग स्वच्छ झालं आणि त्या उठल्या. आमच्या पत्रकांत हीच गोष्ट सांगायला बाबांना दोन पानं लागायची.

कीटकांच्या बाबतीतही तोच नियम. वरून एक फोटो, बाजूनं एक, तोंडाचा एक आणि तो ज्या झाडावर बसलाय त्या झाडाचा एक. "झाड म्हंजे त्याचं गाव. गाव माईत नसन तं नाव सांगू नाई." पुस्तकं पाहून, फोनवरच्या गटात जाणकारांना विचारून नाव लागलं तर लागलं. नाही लागलं तर तो फोटो कॉम्प्युटरवरच्या एका खास कप्प्यात जायचा. त्या कप्प्याला त्यांनी नाव दिलं होतं, "कोणाकडचे पाहुणे?" लग्नात नाही का, ग्रुप फोटोत एक माणूस असा निघतो की मुलाकडचे म्हणतात मुलीकडचा असेल, आणि मुलीकडचे म्हणतात मुलाकडचा. त्यांचा तो कप्पा सगळ्यांत भरलेला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "माईत नाई म्हणाले लाज कायची? खोटं नाव सांगाले लाज वाटली पायजे."

गेल्या पावसाळ्यात कॉलनीच्या सभेत ठरलं की ओपन स्पेस साफ करायची. जेसीबी लावून सगळं खरवडायचं, वर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, बाकं टाकायची. अध्यक्ष राऊतकाका, निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. मुलांना खेळायला जागा हवी, साप निघतात, लोक तिथे कचरा टाकतात. एकही कारण खोटं नव्हतं. आणि तिथे राहतं कोण? कोणी नाही.

माझं रक्त तापलं. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. "सिमेंटच्या सैतानाचा हल्ला", "हजारो मुक्या जिवांची कत्तल" असं बरंच काही. काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हजारो मोजले काय तू?"

"नाही, पण..."

"अन् सैतान कोण? राऊतभाऊ?" त्या हसल्या. "त्याच्या पोरीचं लग्न मी काढलं. बिदाईच्या वक्ती ढसाढसा रडला थो माणूस. लिही, पण दिसलं तेवढंच लिही."

दिसलं तेवढंच म्हटल्यावर पत्रक चार ओळींचं झालं. त्याखाली काकूंचे फोटो, पासपोर्टच्या आकारात, ओळीनं. वर मथळा, "आपल्या कॉलनीतले रहिवासी". ते घरोघर वाटलं आणि पहिल्यांदाच आमचं पत्रक लोकांनी पोह्यांखाली न घेता फ्रीजवर चिकटवलं.

त्यातला सगळ्यांना आवडलेला रहिवासी म्हणजे बिबळ्या कडवा. केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं फुलपाखरू. त्याच्या अळ्या रुईची पानं खातात, तिचा चीक अंगात मुरून कडू होतात, म्हणून पक्षी फुलपाखरालाही तोंड लावत नाहीत. राऊतकाकांना हे फार पटलं. त्यांनी तडजोड काढली. रुईची झुडपं आहेत तो कोपरा कुंपण घालून ठेवायचा, बाकी खालचा सगळा झाडोरा काढायचा आणि ब्लॉक बसवायचे. त्यांनी काकूंना विचारलं, "चालते न जी?" काकू म्हणाल्या, चालते. कडव्याचं गाव रुई. रुई राहिली की कडवा राहिला. जेसीबीचा रविवार ठरला. आम्ही पेढे वाटले.

त्या रविवारच्या आधी श्रावणातल्या एका सकाळी मी काकूंसोबत ओपन स्पेसमध्ये होते. रात्रभर पडून पाऊस उघडला होता. काकू घोळीच्या एका वेलाजवळ बसल्या होत्या. अचानक त्यांचं बोलणं थांबलं. त्या गप्प झाल्या की समजायचं, फोटो आला. पण बटणाचा आवाज काही येईना.

मी वाकून पाहिलं. पानावर दोन फुलपाखरं, शेपटीला शेपटी लावून. जोडा. एक आमचा केशरी बिबळ्या कडवा. दुसरं काळंभोर, पंखांवर पांढरे चंद्र. तो छोटा चांदवा, हे मलाही माहीत होतं, काकूंच्याच फोटोंवरून.

"काकू, दोन वेगळ्या जातींचा जोडा?"

त्यांनी आधी फोटो काढले, वरून, बाजूनं, झाडाचा. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर केशरी पंख मोठा करून दाखवला. खऱ्या कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके विखुरलेले असतात. हिच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच होता.

ती कडवा नव्हतीच. ती चांदव्याची मादी होती. नर काळा, आणि मादी हुबेहूब कडव्यासारखी, का, तर पक्ष्यांनी तिलाही कडू समजून सोडून द्यावं म्हणून. आणि तिच्या अळ्या रुईला तोंडही लावत नाहीत. त्या खातात घोळ. तीच जी रविवारी जेसीबी खरवडणार होता.

घरी येऊन काकूंनी जुने फोटो उघडले. कडवा म्हणून पत्रकात छापलेलं फुलपाखरूसुद्धा हीच निघाली. जन्मभर नवरा-नवरीचे फोटो काढणाऱ्या बाईनं एका जोडप्याला वर्षानुवर्षं परकं समजलं होतं. "माईत नसलेल्याइचं शंभर जनाइले इचारलं," काकू म्हणाल्या. "अन् ही रोजची म्हणून कोणालेच नाई इचारलं."

त्यांचे यजमान प्रकाशकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बेताचं बोलणारे. ते म्हणाले, "आता गप राय. बोलशीन तं लोक म्हणतीन, बाईले कायी समजत नाई. हाती आली थे रुईबी जाईन."

ते बरोबर होतं. गप्प राहिलं तर निदान एक कोपरा वाचत होता. बोललं तर काकूंच्या शब्दाची किंमतच जाण्याची भीती, आणि आमच्या बाजूला त्या शब्दाशिवाय दुसरं होतं काय?

काकूंनी कॅमेरा पिशवीत घातला. "चुकीच्या नावावर वाचवलेली जागा मले नाई पायजे. सभा बलावा म्हणा."

रविवारी सकाळी जेसीबी येऊन कडेला उभा राहिला होता, चालक खाली बसून तंबाखू मळत होता. लोक ओपन स्पेसच्या तोंडाशी जमले. काकू पुढे झाल्या.

"मी चुकली. रुई ठेवा, बाकी काढा, याले मी चालते म्हटलं. पत्रकात जिचा फोटो हाय थे कडवा नाई, चांदव्याची मादी हाय. तिचे लेकरं घोळीवर जगते. घोळ काढसान तं थे जाते."

मग राऊतकाकांच्या मिशीत हसू आलं.

"म्हंजे रेखाबाई, तुमी नवरा-बायकोले वयखलं नाई?"

"नाई वयखलं."

"आमच्या पोरीच्या लग्नात तरी नवरदेव बराबर पकडला होता न, जी?"

हशा पिकला. काकू सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. "तिथं मुंडावळ्या होत्या, राऊतभाऊ! इथं कोण बांधते?"

पण मागून कोणीतरी बोललंच, "यांनाच माहीत नाही, तर यांचं ऐकून आपण काम कशाला थांबवायचं?" हशा एकदम विरला. माझ्या जिभेवर चार जळजळीत वाक्यं आली होती. काकूंनी माझा हात दाबला.

"बराबर हाय. माह्यं ऐकूच नोका. चाला, सोताच पाहून घ्या."

आणि त्या गवतात शिरल्या. अर्धे लोक मागे गेले, अर्धे तमाशा पाहायला थांबले. काकूंनी गोणी अंथरली आणि राऊतकाकांकडे पाहिलं. "बसा. उभ्यानं त्याचं तोंड दिसत नाई." राऊतकाकांचे गुडघे दुखरे. एका हातानं माझा खांदा धरून ते कसेबसे खाली बसले. काकूंनी घोळीचं एक पान हात न लावता, काडीनं अलगद वर केलं आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला.

काळी अळी, अंगभर काटे, तांबूस डोकं आणि डोक्यावर दोन शिंगं.

"अरे," राऊतकाका म्हणाले. मग आणखी वाकून, हळूच, "शिंगं हायेत याले."

तेवढ्यात राऊतकाकू गर्दीतून पुढे आल्या आणि खाली पाहून ओरडल्या, "अवं माय, ही घोळ काढून रायले काय तुमी? भाजीले मी इथूनच तं नेतो!"

"तू तं म्हणे बाजारातून आणतो?" राऊतकाका बसल्या बसल्या म्हणाले.

"बाजारात इतकी कवळी भेटते काय? मुगाची डाळ टाकून बोटं चाटत खाता तवा नाई इचारलं!"

मग आणखी दोन-तीन बायका बोलल्या. त्याही नेत होत्या. कॉलनीतल्या निम्म्या घरांत ओपन स्पेसची घोळ शिजत होती आणि तिथे कोणी राहत नाही म्हणून हात वर झाले होते. मला वाटलं होतं निर्णय फिरला तर एखाद्या विचारानं फिरेल. तो फिरला तो फोडणीच्या आठवणीनं आणि एका शिंगवाल्या अळीनं. मला आता त्याचं वाईट वाटत नाही.

सगळं काही आमच्या मनासारखं झालं नाही. साप निघतो तिथलं गवत काढलं गेलं. कडेकडेनं ब्लॉकची वाट झाली, दोन बाकंही आली. पण मधला झाडोरा राहिला. दिवाळीनंतर पुन्हा पाहू असं ठरलं, आणि दिवाळीनंतर कोणी विषय काढला नाही. भाजी खुडणाऱ्या बायका आता पान उलटून पाहतात. ओपन स्पेसच्या तोंडाशी काकूंनी त्या जोड्याचा मोठा फोटो लावला, लग्नाच्या फोटोसारखी सोनेरी चौकट करून. खाली लिहिलं, "वर : छोटा चांदवा. वधू : छोटा चांदवा. आधी सांगितलेली ओळख चुकली होती. रेखा तायडे." शाळेतून येणारी पोरं तिथे थांबतात आणि खऱ्या कडव्याचे ठिपके शोधतात. एकानं कालच मला सापडलेला दाखवला. बरोबर होता.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते तुळशीच्या लग्नानंतर, अमरावतीच्या बसस्टँडवर. गुडघ्यांमुळे त्यांना आता जमिनीवर बसणं जमेना, म्हणून त्या लेकीकडे अकोल्याला राहायला निघाल्या होत्या. जाताना तिकडचं एक लग्नही घेतलं होतं. सामान प्रकाशकाकांनी गाडीत चढवलं. काकू मात्र दिसेनात. पाहते तर खांबाशी उभ्या. खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, झाडाच्या सालीच्या रंगाचा एक जाडजूड पतंग चिकटून बसला होता. काकूंनी पिशवीतून कॅमेरा आणि द्रोण बाहेर काढला होता.

"मावशी, चाला न! अकोला निंगून रायली!" कंडक्टर दारातून ओरडला.

"आली बाप्पा. हा उभ्यानं फोटो देऊन रायला मले. असा पाहुणा पुन्ना भेटते काय?" त्यांनी श्वास सोडला, बटण दाबलं. मग गाडीकडे येता येता कंडक्टरला विचारलं, "तुमचं नाव काय जी?"

तो गोंधळला. छातीवरचा बिल्ला दाखवू लागला. मग तसाच थांबला आणि स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं. गाडी वळली तेव्हा खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला आणि खांबाकडे बोट दाखवून मला म्हणाला, लक्ष ठेव.

पतंगाचं नाव अजून लागलेलं नाही. तो त्याच कप्प्यात आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या सकाळी त्या रिकाम्या जागेत जा. तुमचे गुडघे चांगले असतील तर टेका. हातात जो फोन असेल त्यानं एकाच जिवाचा फोटो काढा, हात न लावता, आणि तो ज्या पानावर बसलाय त्या झाडाचाही काढा. माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहा आणि जाणत्याला विचारा. चुकलात तर जिथे चूक सांगितली तिथेच दुरुस्त करा. आणि कुणी "साफ करायचंय" म्हणत आलं, तर भांडू नका. त्याला खाली बसवा, पान वर करा, आणि नाव कळेपर्यंत ते पान सोडू नका.